पोट्टी गाण्यानं बिघडली म्हणे!

दोन वर्षांपूर्वी वैशाखात अमरावतीला माझ्या भाच्याचं लग्न झालं. ऊन उतरल्यावर वरात निघाली. पुढे गाडीवर डीजे, त्याच्या भिंतीएवढ्या पेट्या, आणि दणका असा की रस्त्याकडेच्या घरांची तावदानं थरथरत होती. नवरदेवाची बहीण, माझी भाची, मैत्रिणींच्या घोळक्यात 'झिंगाट'वर नाचत होती. तिला इथे मी मीनू म्हणते. खरं नाव वेगळं आहे. एकविसाव्या वर्षी पोरगी नाचते तशी ती नाचत होती, भान हरपून. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा बाप, खिशातून दहा-दहाच्या नोटा काढून तिच्यावरून ओवाळत होता आणि डीजेवाल्या पोरांना देत होता. "पाह्य ताई, माही पोट्टी कशी नाचते!" असं मला ओरडून सांगत होता. मीही टाळ्या वाजवत होते.

भाद्रपदात त्याचाच फोन आला. आवाज बसलेला. "ताई, तू ये. पोट्टी बिघडली. त्या गाण्यायनंच बिघडली."

झालं होतं ते एवढंच, की वर्गातल्या एका मुलाशी लग्न करायचं आहे असं मीनूनं घरात सांगितलं होतं. मुलाची जात वेगळी. ती पळून गेली नव्हती, उशीखाली चिठ्ठी ठेवली नव्हती. रात्री सगळे जेवायला बसले असताना, बापाच्या ताटात भाकर वाढता वाढता तिनं सरळ सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिचा मोबाईल गेला. तिसऱ्या दिवशी कॉलेज गेलं. चौथ्या दिवशी तिच्या भावानं, वैशाखात घोड्यावर बसून आला होता त्यानं, तिचा गाणी ऐकायचा छोटा स्पीकर अंगणात आपटून फोडला. पाचव्या दिवसापासून खोलीला बाहेरून कडी. मी अकोल्याहून एस.टी.नं पोचले तो सहावा दिवस होता. स्पीकरचे तुकडे अजून तुळशीपाशी पडलेले होते. कोणी झाडून काढले नव्हते, बहुधा तिनं पाहावेत म्हणून.

मला या लेखात भांडायचं आहे ते 'गाण्यानं पोरी बिघडतात' या वाक्याशी.

हे वाक्य फक्त माझ्या भावाचं असतं तर घरातच भांडले असते, चार पानं अडवली नसती. पण ते पालकसभेत ऐकू येतं, कीर्तनात ऐकू येतं, पोलीस ठाण्याच्या बाकावर ऐकू येतं. बायकांच्या सल्ला केंद्रात मी गेली बावीस वर्षं बसते आहे. मुलगी निघून गेली की आईबाप तीन आरोपी सांगतात: मोबाईल, सिनेमा आणि गाणी. घराचं नाव आरोपी म्हणून आजवर एकाही बापानं घेतलेलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, आपणही त्यात सामील होतो. १९९३ साली 'चोली के पीछे' हे गाणं गाजलं तेव्हा आम्ही आठ-दहा जणींनी अकोल्यात निवेदन दिलं होतं, त्यावर माझीही सही होती. बाईच्या शरीराचा बाजार मांडणाऱ्या गाण्यांबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. पण त्या निवेदनात 'तरुण मुलींवर वाईट परिणाम होतो' असंही एक वाक्य होतं. तेव्हा ते कोणालाच खटकलं नाही. मुलांवर काय परिणाम होतो, हे लिहायचं आम्हाला सुचलं नव्हतं!

तर आधी त्या गाण्याकडेच पाहू. 'सैराट' २०१६ च्या एप्रिलमध्ये आला. नागराज मंजुळे यांचा चित्रपट, संगीत अजय-अतुल यांचं. त्यातलं 'झिंगाट' वाजल्याशिवाय पुढे कित्येक वर्षं महाराष्ट्रात वरात हलली नाही. या गाण्यात आहे कोण? प्रेमात झिंगलेला, नटूनथटून आलेला एक मुलगा. पडद्यावर आर्चीही नाचते, आणि काय नाचते, पण बोल सगळे त्याचे आहेत. ती त्याच्या झिंगण्याचं कारण आहे, बस. गाण्यात आई नाही, भाऊ नाही, जात नाही, कडी नाही. चित्रपटात हे सगळं आहे. पाटलाचा वाडा आहे, मुलीनं बुलेट चालवली तर कौतुक करणारं आणि तिनं माणूस निवडला तर मारायला उठणारं घर आहे, आणि शेवटी माहेरची भेट घेऊन आलेला भाऊ आहे. आपल्याला सगळ्यांना तो शेवट आठवतो. पण वरातीत चित्रपट वाजत नाही, गाणं वाजतं. घर कापून बाजूला ठेवलं की उरतो तो ठेका.

माझ्या भावानं 'सैराट' दोनदा पाहिला होता. शेवटाला डोळे पुसत बाहेर आला होता, मला आठवतं. म्हणून त्याला विचारलं, "तू तवा रडला होता न? कोनासाठी रडला होता?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलत्याच भाषेत बोलले. "तो सिनेमा होता, ताई."

मग मी कडी काढून आत गेले. मीनू पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिलाही गाण्याचंच विचारलं, कारण बाहेर सगळे तेच बोलत होते. ती म्हणाली, "आत्या, गाण्यात तं बाप नसतेच. म्हनून तं ऐकतो आम्ही. घरी काय कमी हाये का?"

हे वाक्य मी बसमध्ये परतताना वहीत लिहून ठेवलं. मुलींना या गाण्यांतून काय मिळतं, याचं इतकं सरळ उत्तर मला कोणत्या शिबिरात मिळालं नव्हतं. बंड करायला ती गाणं ऐकत नव्हती. तीन मिनिटं बाप नसलेल्या जागेत जाऊन यायला ऐकत होती.

आता उलट बाजू. बाप, सासू, नणंद, दीर, नवरा, ताटातली भाकर आणि फडताळाची किल्ली हे सगळं ज्या गाण्यांत ठासून भरलेलं आहे, ती गाणी आमच्या वऱ्हाडात मुलींना पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून शिकवतात, आणि त्यांना कोणी बिघडवणारी म्हणत नाही. भुलाबाईची गाणी. पुण्याकडच्या मैत्रिणींना भोंडला, हादगा माहीत आहे. भुलाबाई त्यांचीच वऱ्हाडी बहीण. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीचे भुलोजी-भुलाबाई बसवायचे, कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. मूर्तिजापूरला आमच्या ओसरीवर मी हे सात-आठ वर्षं केलं आहे. मला तीसेक गाणी अजून पाठ आहेत.

त्यातलं कारल्याचं गाणं आठवा. सुनेला माहेरी जायचं आहे. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी लाव. ते उगवू दे, मग जा. वेल चढू दे, मग जा. फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, जेव, उष्टी काढ, मग जा. एवढं झाल्यावर सासू म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. सासरा दिराकडे पाठवतो, दीर नणंदेकडे, आणि सगळ्यांच्या शेवटी नवरा. काही ठिकाणच्या पाठात तो काठी घेतो. परवानगी नावाची गोष्ट घरात कशी फिरवतात, याचं इतकं नेमकं वर्णन मी कोणत्याही स्त्रीवादी पुस्तकात वाचलेलं नाही. सल्ला केंद्रात येणारी प्रत्येक दुसरी बाई मला हेच गाणं गद्यात सांगते.

दुसरं ते वेड्या नवऱ्याचं. करंज्या केलेल्या दिसल्या की हा वेडा त्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो. शेवया दिसल्या की किडे समजून टाकून देतो. असं करत करत शेवटच्या कडव्यात बायको झोपलेली असते, हा येतो, वाकून पाहतो, मेली असं समजतो आणि तिला जाळून टाकतो. आणि इथे मुली सगळ्यात मोठ्यानं हसतात! मीही हसले आहे, पोट दुखेपर्यंत. पुढे १९८० नंतरच्या काळात आपण हुंड्यासाठी जाळलेल्या बायकांचे पंचनामे वाचायला लागलो, 'स्टोव्हचा भडका' हे शब्द रोजचे झाले, तेव्हा एका रात्री मला हे गाणं आठवलं आणि झोप लागली नाही. सहा वर्षांच्या मुलीला आपण टिपऱ्यांच्या तालावर काय शिकवत होतो? की शिकवत नव्हतो, सावध करत होतो? ज्या आज्यांनी ही गाणी रचली त्यांना सगळं माहीत होतं, एवढं मात्र खरं.

या गाण्यांना बंडाची गाणी म्हणायची अलीकडे आपल्यात रीत पडली आहे. चर्चासत्रांत निबंध वाचले जातात, भुलाबाईच्या स्पर्धा होतात, नऊवारी नेसून बक्षिसं घेतली जातात. मला ते निबंध अर्धेच पटतात. सासरचं सगळं उघडं बोलून टाकतात इथपर्यंत खरं. पण त्यांतला सुटकेचा रस्ता एकच आहे, आणि तो जातो माहेराला. माहेर म्हणजे साखर, माहेर म्हणजे झोपाळा, माहेरचा भाऊ म्हणजे घ्यायला येणारा. जिच्या खोलीला माहेरीच बाहेरून कडी आहे, तिच्यासाठी भुलाबाईकडे गाणं नाही. डीजेच्या गाण्यात घरच नाही, आणि भुलाबाईच्या गाण्यात जन्मघराला दोष नाही. मीनू त्या दोन्हींच्या मधल्या खोलीत बसली होती.

पण तिच्यासाठी गाणं होतं. आमच्याच जिल्ह्यात होतं आणि सातशे वर्षांहून जुनं होतं.

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांची काशी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे गोविंदप्रभू होते, आणि चक्रधरांची शिष्या महदाइसा तिथे आली होती. विधवा बाई, प्रश्न विचारून विचारून चक्रधरांनाही बोलतं करणारी. गोविंदप्रभूंना एकदा लहर आली, माझं लग्न लावा. लग्न म्हटलं की धवळे हवेत, म्हणजे बायकांनी म्हणायची लग्नगीतं. ते महदाइसेनं तिथल्या तिथे रचून म्हटले. तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात ती या धवळ्यांमुळे. आता लक्षात घ्या, लग्नघरात म्हणायला त्या बाईनं विषय कोणता निवडला? रुक्मिणीचं लग्न. भावानं ठरवलेला नवरा नाकारून, स्वतः निवडलेल्या माणसाबरोबर निघून गेलेल्या मुलीची गोष्ट. आपल्या पहिल्या कवयित्रीनं लग्नात गायलेलं गाणं हे आहे. तिथे कोणी स्पीकर फोडला नाही.

आणि ती रुक्मिणी आमची. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे तिचं माहेर, तेही अमरावती जिल्ह्यातच. भागवतातली कथा पुन्हा नीट वाचून पाहा, कीर्तनकार घाईनं पुढे सरकतात तिथे थांबून. बाप भीष्मक कृष्णाला मुलगी द्यायला तयार होता. अडला तो भाऊ, रुक्मी. त्यानं शिशुपाल ठरवला, आणि बाप मुलापुढे नमला. कर्ता मुलगा आणि हतबल बाप, हे घर आपण रोज पाहतो. मग रुक्मिणीनं पत्र लिहिलं, सात श्लोकांचं. त्यात तिची अक्कल पाहण्यासारखी आहे. ती लिहिते, की अंतःपुरात शिरून मला न्यायचं तर माझ्या माणसांचा जीव घ्यावा लागेल, म्हणून मीच उपाय सांगते: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलरीतीप्रमाणे मी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथून मला न्या. म्हणजे रक्त सांडू नये याचा विचार पळणाऱ्या मुलीनं केला, भावानं नाही. तो मागून फौज घेऊन धावला. हरल्यावर कृष्ण त्याला मारायला निघाला, तेव्हा त्याचा जीव मागितला तोही तिनंच. ते देवीचं देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असं आम्ही मानतो. नवरात्रात तिथे मुंगीला वाट मिळत नाही. माझा भाऊ सहकुटुंब दरवर्षी ओटी भरायला जातो. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, वाटेत गावोगाव बाया तिच्या पाया पडतात. माहेरची लेक सासरी चालली म्हणून डोळ्यांत पाणी आणतात.

आणि तरी या सगळ्याला आपण म्हणतो काय? रुक्मिणीहरण. पत्र तिनं लिहिलं, बेत तिनं आखला, वेळ आणि जागा तिनं ठरवली, आणि शब्दात मात्र तिला कोणीतरी उचलून नेली. पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत आजही हेच व्याकरण आहे: 'फूस लावून पळवून नेले.' मुलगी सज्ञान असो, शिकलेली असो, स्वतःच्या पायांनी गाडीत बसलेली असो, तिच्याकडे क्रियापद नसतं.

याचा अनुभव आमच्या जिल्ह्यानं अगदी अलीकडे घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये अमरावतीतून एक मुलगी निघून गेली. तेव्हाच्या खासदार नवनीत राणा राजापेठ पोलीस ठाण्यात गेल्या, तिथे मोठी वादावादी झाली. 'लव्ह जिहाद'चा आरोप जाहीरपणे झाला, दूरचित्रवाणीवर दिवसभर तेच. मुलगी साताऱ्याला सापडली. आणि तिनं सांगितलं, की मला कोणी नेलं नाही, मी रागाच्या भरात एकटीच घरातून निघाले होते. एवढा गदारोळ झाला, पण त्या रागाबद्दल कोणी एक प्रश्न विचारल्याचं मी वाचलं नाही. राग कशाचा होता? घरात काय चाललं होतं? मुलगी घरावर रागावून जाऊ शकते ही गोष्ट आपल्याला इतकी अवघड वाटते, की त्यापेक्षा एखादा खलनायक उभा करणं सोपं जातं. कधी दुसऱ्या धर्माचा मुलगा, कधी दुसऱ्या जातीचा, आणि कोणीच सापडलं नाही तर गाणं.

त्याच वर्षी डिसेंबरात राज्य सरकारनं एक समिती नेमली. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्न केलेल्या मुलींची आणि त्यांच्या माहेरची माहिती घेण्यासाठी. ओरड झाल्यावर काही दिवसांतच 'आंतरजातीय' हा शब्द काढला, 'आंतरधर्मीय' ठेवला. माहेर तुटलेल्या मुलीची सरकारला काळजी वाटली, याचं मी स्वागतही केलं असतं. पण मग जातीतच, बापाच्या पसंतीनं लग्न होऊन माहेर तुटलेल्या मुलींचं काय? त्या तर आमच्या केंद्रात रांगेनं येतात. 'आता तेच तुझं घर' म्हणून ज्यांना दारातून परत पाठवलं, त्यांच्यासाठी समिती कुठे आहे?

आणि २०२० चा फेब्रुवारी. तीन तारखेला शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, एका तरुण प्राध्यापिकेला एका माणसानं भर रस्त्यात पेटवलं. ती दहा तारखेला गेली. त्याच आठवड्यात आमच्या चांदूर रेल्वेच्या एका महिला महाविद्यालयात मुलींना शपथ देण्यात आली, की आम्ही प्रेमात पडणार नाही, प्रेमविवाह करणार नाही, आमचा आईवडिलांवर पूर्ण विश्वास आहे. हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, हेही शपथेत होतं, आणि ते चांगलंच होतं. पण क्रम पाहा. जाळलं पुरुषानं, आणि हात पुढे करून शपथ घेतली मुलींनी. त्या आठवड्यात मुलांच्या कोणत्या कॉलेजात शपथ झाली, की मुलीनं नाही म्हटलं तर आम्ही घरी जाऊन झोपू? कौंडण्यपूर तिथून फार लांब नाही. रुक्मिणी त्या कॉलेजात असती तर तिलाही हात पुढे करायला लावला असता.

मैत्रिणींनो, आता माझी चूक सांगते. त्या दिवशी मीनूपाशी मी दोन तास बसले. तिला म्हटलं, आधी पदवी पुरी कर, त्याला नोकरी लागू दे, तोवर मी भावाशी बोलते. शहाण्या आत्येनं बोलावं असंच बोलले. निघताना भावाला म्हटलं, "कडी काढ रे बाप्पा." तो म्हणाला, "काढतो." आणि मी साडेपाचची गाडी पकडली. बावीस वर्षं इतरांच्या घरातल्या कड्या काढायला मी पोलीस घेऊन गेले आहे. स्वतःच्या भावाच्या घरातली कडी उघडी पाहिल्याशिवाय परत आले. ती अजून अकरा दिवस तशीच होती. बी लाव, वेल चढू दे, कारलं लागू दे, मग जा: मी तिला दुसरं काय सांगितलं होतं?

मीनू गेली ती प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. वर्ष वाया जायला नको म्हणून तिला भावाच्या गाडीवर पाठवलं होतं. अंबादेवीच्या देवळातून गेली असती तर या लेखाला शोभून दिसलं असतं. ती गेली प्रयोगशाळेच्या मागच्या दारानं, हातात जर्नल घेऊन. दोघांना विधी नको होते, म्हणून त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. या कायद्यात तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस, नावपत्त्यासकट, कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात. हरकत असेल त्यानं घ्यावी म्हणून. चौथ्या दिवशी त्या फलकाचा फोटो माझ्या भाच्याच्या मोबाईलवर होता. कोणी काढला, कोणी पाठवला, कळलं नाही. पुढचे सव्वीस दिवस ती दोघं तीन घरं बदलत राहिली, त्यातलं एक माझं होतं. अशा जोडप्यांना संरक्षण द्या, जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी विशेष कक्ष काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात सांगून ठेवलं आहे. तो निकाल घेऊन मी एका कार्यालयात गेले. समोरच्या माणसानं अर्ज वाचला, मुलीचं वय वाचलं, आणि विचारलं, "वडिलांची संमती आहे का?" संमती असती तर मी तिथे कशाला गेले असते!

ज्यांना मुली पळून जाण्याची काळजी आहे त्यांनी गाण्यांच्या मागे लागू नये, हे मला म्हणायचं आहे. मुलीनं जेवताना ताटापाशी सांगितलेलं ऐकून घ्या. नाही पटलं तर भांडा, पण मोबाईल आणि कॉलेज तिच्या हातात राहू द्या. सज्ञान मुलीला खोलीत कोंडणं हा गुन्हा आहे, 'घरचा प्रश्न' नाही, हे ठाण्यातल्या शिपायालाही माहीत असू द्या. तीस दिवसांची ती नोटीस फलकावरून उतरवा. आपल्या संघटनांनी याच्यावर पुन्हा जोर लावायला हवा, आपण मध्येच सोडून दिलं. आणि आपल्यापैकी ज्या अजूनही 'हल्लीची गाणी' म्हणून नाक मुरडतात, त्यांनी एकदा वरातीत नाचणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यांकडे पाहावं. रस्त्यावर, दिवसाउजेडी, बाप-भावासमोर अंग मोकळं टाकण्याची परवानगी त्यांना वर्षातून त्याच एका तासाची असते.

मीनू आता पुण्यात आहे, नोकरी करते. नवा स्पीकर घेतला आहे. मधे तिनं मला काही इंग्रजी गाणी पाठवली. कॅथलीन हॅना नावाची अमेरिकन बाई. १९९० मध्ये ऑलिंपिया नावाच्या गावात तिनं मैत्रिणींबरोबर 'बिकिनी किल' हे बॅंड काढलं. कार्यक्रमात मुलांना मागे सरकवून मुलींना पुढे बोलवायची. घरात बापानं, भावानं केलेले अत्याचार या मुली गाण्यात उघड मांडत, आणि झेरॉक्स काढून, पिना मारून स्वतःची छोटी मासिकं वाटत. (आपला पहिला अंक कसा निघाला होता, आठवतं?) पुढे १९९८ मध्ये तिनं न्यूयॉर्कला 'ल तिग्र' काढलं, ते निव्वळ नाचायचं रॉक, यंत्रावरच्या ठेक्याचं, आणि बोल मात्र बायकांच्या हक्कांचे. मला शब्द निम्मेच कळले. मीनूनं खाली लिहिलं होतं, "आत्या, यात बाप हाये, आन् नाचताही येते."

मला ते वाचून महदाइसा आठवली. लग्नात म्हणायचं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आणि तरी त्यात भाऊ रुक्मीही असायचा.

भावजय अजून मीनूशी बोलत नाही, म्हणजे भावाच्या देखत बोलत नाही. गेल्या भाद्रपदात तिनं मला फोन करून विचारलं, तिकडे भुलाबाई बसवतात का. मी म्हटलं, पुण्यात भोंडला असतो. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तिले कारल्याचं गानं पुरं येत नाई. अर्धंच येते. मी सांगतो, तुमी लिहून घ्या न."

लिहून घेतलं. शेवटच्या कडव्यात नवरा नव्हता, काठीही नव्हती. तिथे सून कोणालाच न विचारता निघते. हा पाठ मी आधी कुठे ऐकला नव्हता. तिच्या आईकडचा आहे की तिनंच केला, मी विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडे असंच म्हन्तात." वाचक मैत्रिणींपैकी कोणाकडे असा पाठ असेल, किंवा माहेरच्या घराबद्दल, बापाबद्दल, भावाबद्दल मुलींनी म्हटलेलं कोणतंही गाणं असेल, जुनं असो वा मुलींनी आत्ता स्वतः केलेलं, तर अंकाच्या पत्त्यावर पाठवा. चाल कोणती, कोणत्या गावात म्हणतात, कोणाकडून ऐकलं, तेही लिहा. सांगणारीचं नाव तिला विचारूनच टाका.